दख्खनचा कोळिसरा आणि येरमाळ्याचा बालाघाट

१

धाराशिव जिल्ह्याच्या कळंब तालुक्यात, बालाघाटाच्या डोंगरओळीवर, येरमाळा हे गाव वसलेले आहे. महाराष्ट्रास ते येडेश्वरीच्या ठाण्यामुळे परिचित आहे. चैत्री पौर्णिमेच्या यात्रेत येथे चुनखडी वेचण्याचा विधी होतो आणि त्यासाठी दूरदूरचे भाविक जमतात. भाविकांची दृष्टी त्या वेळी जमिनीवरील पांढऱ्या खड्यांकडे असते. वर पाहण्याचे त्यांस कारण नसते. परंतु चैत्र-वैशाखाचे हेच दिवस असे असतात की, शुष्क पानझडी रानातील बोर, धावडा यांसारख्या झाडांची पाने झडलेली असतात, आणि एरवी पानांआड लपलेली एक वस्तू निष्पर्ण फांदीवर उघडी पडते. कोंबडीच्या लहान अंड्याएवढा, करडा किंवा फिकट पिवळा, लाकडासारखा टणक असा हा कोष एका देठाने फांदीस लोंबत असतो. मराठीत त्यास कोशेटा, कोसा इत्यादी नावे आहेत. तो ज्याचा असतो त्या पतंगास आज आपण टसर पतंग म्हणतो. शास्त्रीय परिभाषेत तो अँथेरिया मायलिटा होय.

हा पतंग द्वीपकल्पीय भारताच्या पानझडी वनांचा जुना रहिवासी आहे, आणि बालाघाटाचा प्रदेश त्याच्या प्रसारक्षेत्राच्या आत पडतो. असे असता टसरचा जो इतिहास रूढ झाला आहे त्यात बंगाल आहे, छोटा नागपूर आहे, भंडारा आहे, काही पृष्ठांपुरते पुणेही आहे. बालाघाटाचा हा भाग मात्र त्यात नाही. याचा अर्थ कसा लावावयाचा? येथे पतंग नव्हता म्हणून नोंद नाही, की नोंद करणारा नव्हता म्हणून पतंग नाहीसा भासतो? प्रस्तुत निबंधाचा विषय हा प्रश्न आहे. तो वरवर कीटकशास्त्राचा दिसला तरी वस्तुतः इतिहासपद्धतीचा आहे, हे पुढील विवेचनावरून स्पष्ट होईल.

२

प्रथम पतंगाचे रूप व त्याचे राहणे यांचा परिचय करून घेणे अवश्य आहे, कारण त्याचा इतिहास या दोहोंवरच बेतलेला आहे.

टसर पतंग हा आपल्याकडील मोठ्या पतंगांपैकी एक होय. पंख पसरले असता त्याची रुंदी साधारणतः १२ ते १८ सेंटिमीटर भरते, आणि मादी नराहून मोठी असते. नराचा रंग बहुधा तांबूस तपकिरी असतो. मादी पिवळसर किंवा करडी असते. चारही पंखांवर मध्यभागी एकेक वाटोळा नेत्रबिंदू असतो. या बिंदूचा गाभा खवल्यांवाचून असल्यामुळे काचेसारखा पारदर्शक दिसतो आणि त्याभोवती रंगीत कडी असतात. नराच्या शृंगिका पिसासारख्या रुंद असतात. मादीच्या शृंगिका त्या मानाने अरुंद असतात. या भेदाचे कारण असे की, मादीचा गंध दुरून हेरून तिच्यापर्यंत पोहोचणे हे नराचे काम आहे. प्रौढ पतंगाचे मुखावयव खुरटलेले असतात. तो काहीही खात नाही. अळी असताना साठविलेल्या बळावर तो थोडे दिवस जगतो, आणि तेवढ्यात मीलन व अंडी घालणे उरकून त्याचे आयुष्य संपते.

मादी दीड-दोनशे अंडी घालते. आठ-दहा दिवसांत अळ्या बाहेर पडतात आणि चार वेळा कात टाकून पाच अवस्थांतून वाढतात. पूर्ण वाढलेली अळी हिरवीगार, बोटाहून जाड व दहा सेंटिमीटरहून अधिक लांब असते. अंगावर जांभळट गाठी आणि बाजूंस चांदीसारखे चकाकणारे ठिपके असतात. असे असूनही पानांत ती सहसा ओळखू येत नाही. महिना-सव्वा महिना खाणे झाल्यावर ती कोष विणू लागते. कोष विणण्यापूर्वी ती फांदीभोवती रेशमाचे घट्ट कडे घालते आणि त्या कड्यापासून जाड देठ ओढून त्यास कोष टांगते. झाडाची पाने गळाली तरी कोष गळत नाही, याचे रहस्य या कड्यात आहे. हिवाळ्याच्या तोंडाशी विणलेल्या कोषातील जीव सबंध उन्हाळा सुप्तावस्थेत काढतो आणि पहिल्या पावसाच्या सुमारास जागा होतो. कोषाचे टोक तो एका पाचक रसाने भिजवितो, धागे न तोडता बाजूस सारतो आणि बाहेर पडतो.

या जीवनक्रमातून दोन गोष्टी ध्यानात ठेवावयाच्या आहेत. पहिली ही की, हा पतंग एकाच झाडावर अवलंबून नाही. ऐन व अर्जुन ही त्याची मुख्य अन्नवृक्षे खरी, परंतु बोर, धावडा यांच्या पानांवरही अळी पोसते. म्हणून दाट ऐनाचे रान जेथे नाही अशा कोरड्या, खडकाळ माळावरही त्याचा निभाव लागतो. मात्र तेथे तो विरळ असतो; एका बोरीवर दोन, पुढल्या ओढ्याकाठी तीन, असा. दुसरी गोष्ट ही की, त्याचा कोष अत्यंत कणखर असतो. एखाद्या माळरानावर जो जीव पावसावाचून सात-आठ महिने उघड्यावर काढतो, त्याचे घर तितकेच टिकाऊ असावे लागते. विरळपणा आणि कणखरपणा या दोन गुणांनीच दख्खनमधील त्याचा इतिहास घडविला.

३

दख्खनमध्ये रेशमाचा पुरावा किती मागे जातो? या बाबतीत प्रवरेकाठच्या नेवाशाचे उत्खनन महत्त्वाचे आहे. ह. धी. सांकळिया यांच्या नेतृत्वाखाली १९५४ ते १९५६ या काळात व पुढेही तेथे उत्खनन झाले. तेथील ताम्रपाषाणयुगीन थरांत तांब्याच्या मण्यांमध्ये अडकून राहिलेले दोऱ्याचे अवशेष मिळाले. तांब्याचे क्षार सेंद्रिय पदार्थास कुजू देत नाहीत, त्यामुळे ते टिकले. ए. एन. गुलाटी यांनी त्यांची सूक्ष्मदर्शकाखाली परीक्षा केली, आणि त्यांत कापसाबरोबर रेशमी तंतू असल्याचा त्यांचा निष्कर्ष पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६१ मध्ये प्रसिद्ध केला. हे अवशेष इ. स. पू. सुमारे १५०० चे आहेत.

त्या काळी चीनमधील तुतीचे रेशीम गोदावरीच्या खोऱ्यात पोहोचले असेल, असे मानण्यास आधार नाही. रानातील कोष मात्र हाताशी होता. पुढे २००९ मध्ये हडप्पा व चन्हूदडो येथील इ. स. पू. २४५० ते २००० या काळातील धाग्यांचे परीक्षण प्रसिद्ध झाले, आणि ते रानटी रेशमाचे असल्याचे त्यात दाखविण्यात आले. त्यांपैकी काही तंतू अँथेरिया प्रजातीचे होते. यामुळे चीनवाचून भारतात रेशीम असू शकत नाही हा जुना ग्रह ढळला. नेवाशाच्या धाग्याकडेही आता त्याच दृष्टीने पाहणे युक्त ठरते. तो धागा दख्खनच्या रानातील कोषाचा असावा, हे अनुमान आज पूर्वीपेक्षा अधिक बळकट झाले आहे. तथापि अनुमान व सिद्ध वस्तू यांतील अंतर अभ्यासकाने विसरू नये.

ग्रंथगत पुराव्यात कौटिलीय अर्थशास्त्राचा निर्देश आवश्यक आहे. त्यात पत्रोर्ण नामक वस्त्राची चर्चा असून ते मगध, पुंड्र व सुवर्णकुड्य या देशांचे म्हटले आहे. त्याचे उगमस्थान म्हणून नागवृक्ष, लिकुच, बकुल व वट हे वृक्ष दिले आहेत. ज्यावरून लोकर मिळते असे पान, ही कल्पनाच रानटी रेशमाकडे बोट दाखविते. परंतु येथेही सर्व नावे पूर्वेकडील आहेत. दख्खनचे नाव नाही. धाराशिव जिल्ह्यातील तेर, म्हणजे प्राचीन तगर, ही कापडाची नामांकित पेठ होती आणि पेरिप्लसच्या ग्रीक लेखकास ती ठाऊक होती. परंतु त्याच्या वर्णनात तगराहून जे कापड भडोचच्या बंदराकडे जाई ते सुताचे आहे. रेशमाच्या संदर्भात बालाघाटावरील मौन असे दोन हजार वर्षांपूर्वीपासूनचे आहे.

४

आधुनिक विज्ञानाच्या दप्तरात या पतंगाचा प्रवेश अठराव्या शतकात झाला. लिनियसने १७५८ मध्ये पॅफिया हे नाव योजिले होते. इंग्रज कीटकसंग्राहक ड्रुरी याने १७७३ मध्ये मायलिटा या नावाने सचित्र वर्णन केले. ही दोन्ही नावे भूमध्य सागराकडील प्रेमदेवतेची आहेत. पॅफिया हे सायप्रसमधील पॅफॉस क्षेत्रावरून आलेले तिचे विशेषण आहे, आणि मायलिटा हे तिचे असुरदेशीय नाव म्हणून हिरोडोटसने नोंदविले आहे. या दोन नावांचा घोळ पुढे दीर्घकाळ चालला, आणि जुन्या ग्रंथांत भारतीय टसर पुष्कळदा पॅफिया या नावाखाली आढळतो. रॉक्सबर्गने १८०४ मध्ये लंडनच्या लिनियन सोसायटीच्या नियतकालिकात बंगालच्या टसर व एरी या दोन रेशीमकिड्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. तेव्हापासून टसर म्हणजे बंगाल हे समीकरण युरोपात रूढ झाले.

या समीकरणास छेद देणारा निबंध दख्खनमधून गेला. विल्यम हेन्री साइक्स हा कंपनीच्या सैन्यातील अधिकारी. १८२४ मध्ये मुंबई सरकारने त्याची दख्खनचा सांख्यिकी वृत्तलेखक म्हणून नेमणूक केली. पुणे, अहमदनगर, खानदेश व धारवाड या चार कलेक्टोरेटांत फिरून त्याने लोकसंख्या, पिके, वजनेमापे, हवामान इत्यादींची माहिती जमविली. पक्षी व सस्तन प्राणी यांच्या याद्याही केल्या. १८३४ च्या सुमारास रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात त्याचा दख्खनमधील रेशीमकिड्यावरील निबंध प्रसिद्ध झाला. त्याच्या शीर्षकात साइक्सने लोकांच्या तोंडचा शब्द ठेवला. रोमन लिपीतील त्या शब्दाचे वाचन आपण कोळिसरा असे करू. लिनियस व ड्रुरी यांनी परदेशी देवतेची नावे दिली, साइक्सने येथल्या माणसास नाव विचारले. पद्धतीतील हा भेद लहान नाही.

साइक्सने या किड्याचे खाद्य म्हणून बोर, ऐन, साग व तुती या झाडांचा उल्लेख केला. त्याची विशेष महत्त्वाची नोंद मात्र कोषाच्या उपयोगाविषयी आहे. दख्खनचे लोक या कोषापासून धागा काढीत नव्हते. ते कोष कापून त्याची चिवट वादी करीत आणि तोड्याच्या बंदुकीची नळी लाकडी दस्त्यास बांधण्यासाठी ती वापरीत. चामड्याच्या वादीपेक्षा ही वादी अधिक टिके.

या नोंदीचा अर्थ लावताना सावधगिरी हवी. एवढे चांगले रेशीम हाती असून लोकांस त्याचा उपयोग कळला नाही, अशी समजूत सहज होते, आणि एकोणिसाव्या शतकातील इंग्रज वाचकाने ती करून घेतली असल्यास नवल नाही. परंतु वर सांगितलेले दोन गुण ध्यानात घेता ही समजूत टिकत नाही. वस्त्रास हजारो कोष एका वेळी लागतात, वादीस एक कोष पुरतो. जेथे पतंग विरळ आहे तेथे गुराख्यास वा शिकाऱ्यास वाटेत सापडेल तो एकटा कोषच उपयोगास येणार. शिवाय टसरचा कोष टणक असल्याने तो राखेच्या क्षारयुक्त पाण्यात शिजवून मऊ केल्याखेरीज धागा सुटत नाही; त्यासाठी वेगळे कसब असलेला समाज लागतो. पैठण, येवले, पुणे येथील विणकरांस तुतीचे रेशीम बंगाल व चीनमधून व्यापारमार्गाने मिळत असे, म्हणून त्यांनाही रानातील कोषाची निकड नव्हती. आणि कोषाचा जो कणखरपणा धागा काढणाऱ्यास अडचण वाटतो, तोच बंदूक बांधणाऱ्यास गुण वाटतो. तेव्हा दख्खनच्या माणसास कोषाचे ज्ञान नव्हते असे नसून त्याचे ज्ञान निराळे होते. ज्या पदार्थाची जी प्रकृती, तिला साजेसा उपयोग त्याने शोधला होता.

५

साइक्सच्या निबंधानंतरही इंग्रजी अंमलाचे लक्ष प्रथम तुतीकडेच राहिले. सिन्योर मटी नामक इटालियन गृहस्थाने १८३० नंतरच्या दशकात सरकारी साहाय्याने पुण्याकडे तुतीची लागवड केली. तो प्रयोग मोठ्या आशेने चालला आणि १८५० पूर्वीच मावळला. यानंतर सुमारे पाव शतकाने टसरची पाळी आली. मोजणी खात्यातील अधिकारी मेजर कूस्मेकर याने १८७० नंतरच्या दशकात पुणे परिसरात टसरच्या पैदाशीचे प्रयोग आरंभिले आणि मुंबई सरकारने त्यास साहाय्य दिले. रानातून कोष गोळा करावयाचे, पतंग बाहेर येताच त्यांची जोडी लावावयाची, अंडी मिळवावयाची आणि अळ्या आटोपशीर झुडपांवर वाढवावयाच्या, असा त्याचा क्रम होता. ताम्हणाच्या कुळातील एक बागेतले फुलझाड त्याने कुंपणासारखे छाटून ठेवले आणि त्यावर अळ्या पोसल्या. पुण्याचा हा टसर इंग्लंडमध्ये लीक येथील रंगारी टॉमस वॉर्डल याच्याकडे जाई. टसरचा तंतू चपटा असतो. म्हणून त्यास एक तुटक झळाळी असते, आणि म्हणूनच तो रंग सहज धरीत नाही. वॉर्डलने या अडचणीवर बऱ्याच अंशी मात केली आणि १८७८ च्या पॅरिस प्रदर्शनात रंगविलेली टसरची वस्त्रे मांडली. टसरची युरोपीय कीर्ती तेथून वाढली.

१८७८ हे वर्ष आणखी एका कारणाने आपल्या विषयाशी संबद्ध आहे. याच वर्षी हिंदुस्थान सरकारने शस्त्रांचा कायदा केला आणि परवान्यावाचून शस्त्र बाळगणे ब्रिटिश मुलखात गुन्हा ठरले. तोड्याची बंदूक आधीच जुनी झाली होती. कायद्याने खेड्यातील तिचे स्थान उरलेसुरले संपविले. बंदूक गेली तेथे तिची वादी गेली, आणि वादी गेली तेथे कोष ओळखून तो फांदीवरून उतरविण्याचे कारणही गेले. ज्या वर्षी दख्खनच्या कोषाचे रेशीम पॅरिसच्या दालनात पोहोचले, त्याच वर्षी दख्खनच्या खेड्यात त्या कोषाचा परंपरागत उपयोग अस्तास लागला. हा केवळ योगायोग म्हणावा, परंतु एकाच वस्तूचे ज्ञान एका समाजाकडून दुसऱ्याकडे कसे सरकते, याचे याहून स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण आहे.

कूस्मेकरचा उद्योग पुढे धंद्याच्या रूपास आला नाही. पुण्याभोवती कोष होते, परंतु एके ठिकाणी पुरेसे नव्हते. बंदिस्त जागेत या रानटी जीवाची जोडी नियमाने लागत नसे. उघड्यावर पाखरे व परोपजीवी माश्या अळ्यांचा फडशा पाडीत. दख्खनच्या विरळ रानाचा जो नियम खेडुतास अनुभवाने ठाऊक होता, तो सरकारास खर्च करून कळला. १८९२ मध्ये हॅम्पसनच्या ब्रिटिश हिंदुस्थानातील पतंगांवरील ग्रंथाचा पहिला खंड निघाला. तेव्हापासून हा पतंग वर्गीकरणाच्या ग्रंथांत स्थिरावला आणि दख्खनच्या अर्थकारणाच्या चर्चेतून हळूहळू बाहेर पडला.

६

महाराष्ट्राच्या पूर्व टोकास मात्र याच पतंगाची कथा सर्वस्वी निराळी आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांत ऐनाची दाट राने आहेत. तेथील लोक ऐनास येन म्हणतात. या रानांत धीवर समाजाची कुटुंबे पिढ्यान्पिढ्या कोसा पाळीत आली आहेत. अळ्या येन व अर्जुनाच्या झाडांवर सोडावयाच्या, एका झाडाचा पाला संपला की दुसऱ्या झाडावर न्यावयाच्या, आणि कोष होईतो कावळे-माकडांपासून राखण करावयाची, असा हा कष्टाचा व्यवसाय आहे. गडचिरोलीतील आरमोरी हे त्याचे आजचे प्रसिद्ध केंद्र होय. कोष्टी विणकरांनी या धाग्यास करवतीच्या दातांसारख्या काठाची जोड देऊन करवतकाठी साडी घडविली. तिला आज भौगोलिक निर्देशांकाचे संरक्षण मिळाले आहे. महाराष्ट्र शासनाचे रेशीम संचालनालय १९९७ मध्ये नागपूर येथे स्थापन झाले, आणि टसर संशोधनाची केंद्रीय संस्था १९६४ पासून रांची येथे कार्य करीत आहे.

अन्नवृक्ष, हवामान व उंची यांनुसार टसर पतंगाचे स्थानिक प्रकार पडतात. त्यांच्या प्रसिद्ध नावांत दाबा, सुकिंदा, मोदल, रैली, आंध्र आणि भंडारा ही नावे येतात. ही नावे पाहिली म्हणजे एक गोष्ट ध्यानी येते. निसर्गाने प्रकार पाडले हे खरे, परंतु नाव त्या प्रकारास मिळाले जो बाजारात आला. भंडाऱ्याचा पतंग भंडारा झाला, कारण तेथे त्याचा धागा निघाला, त्याची खरेदी-विक्री झाली, आणि खरेदी-विक्रीमागून कारकून व शास्त्रज्ञ आले. दख्खनच्या माळावरील पतंग निनावी राहिला. साइक्सने टिपलेला कोळिसरा हा शब्दही पुढे प्रचारातून सुटला.

७

आता येरमाळ्याकडे परत येऊ. साइक्स ज्या मुलखात फिरला तो कंपनीचा मुलूख होता. येरमाळा निजामाच्या राज्यात होते. पुढे सोलापूर जिल्ह्यात गणला गेलेला बार्शीचा मुलूख येरमाळ्यापासून पायी एका दिवसाच्या वाटेवर आहे. म्हणजे ज्या रेषेपर्यंत इंग्रजी मोजणी, गॅझेटियर व सरकारी प्रयोग यांचा विस्तार होता, ती रेषा या गावाच्या पश्चिमेस थोडक्या अंतरावरून जात होती. १८५३ ते १८६० या सात वर्षांत नळदुर्ग-धाराशिवचा हा भाग कंपनीच्या व नंतर सरकारच्या व्यवस्थेखाली आला होता, आणि मेडोज टेलरसारखा लिहिता अधिकारी त्यावर होता. परंतु तो काळ अल्प होता. त्यात १८५७ ची धामधूम झाली आणि १८६० मध्ये मुलूख निजामाकडे परत गेला. कूस्मेकरच्या प्रयोगांच्या वेळी तो पुन्हा मुंबई सरकारच्या दप्तराबाहेर होता. हैदराबाद राज्यात टसरचे लक्ष वेधले गेले ते पूर्वेकडे, वरंगळच्या बाजूस, जेथे दाट रान व विणकर दोन्ही होते. मराठवाड्याच्या पश्चिम कडेस तसे कारण नव्हते. अशा रीतीने येरमाळ्याचा बालाघाट दोन्ही दप्तरांच्या कडेस पडला. एका दप्तराची हद्द त्याच्या अलीकडे संपत होती, दुसऱ्याची नजर त्याच्या पलीकडे होती.

बोरीचे झाड राज्याची सीमा ओळखत नाही, आणि नर पतंग गंधाच्या मागे जाताना कोणाचा अंमल आहे हे पाहत नाही. बार्शीकडचा डोंगरउतार आणि येरमाळ्याकडचा माथा यांत झाडे व हवामान यांचा असा भेद नाही की, एकीकडे हा जीव असावा आणि दुसरीकडे नसावा. नोंद मात्र सीमेपाशी थांबली. म्हणून आपल्या आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर असे द्यावे लागते की, रूढ इतिहासातील बालाघाटाची रिकामी जागा ही निसर्गातील रिकामी जागा नव्हे. ती दप्तराची आहे. पतंगाचा प्रसार झाडे व पाऊस ठरवितात, पतंगाचा इतिहास मात्र सत्ता, बाजार व गरज यांनी ठरविला. या दोन नकाशांत गल्लत केली म्हणजे जेथे लिहिले गेले नाही तेथे काही नव्हतेच, असा निष्कर्ष नकळत निघतो. मराठवाड्याच्या इतिहासलेखनात हा दोष केवळ पतंगापुरता नाही. पीक, औषधी वनस्पती, हत्यारे, गावठी तंत्रे अशा अनेक विषयांत इंग्रजी मुलखातील विपुल छापील साधनांच्या शेजारी मराठवाडा मुका दिसतो, आणि त्या मुकेपणास मागासलेपण समजले जाते.

या विवेचनास एक वर्तमान पुरवणी जोडणे अनाठायी होणार नाही. गेल्या काही दशकांत धाराशिव, बीड, जालना या जिल्ह्यांत तुतीची लागवड व रेशीमशेती वाढली आहे. जालना येथे २०१८ मध्ये कोषांची खुली बाजारपेठ सुरू झाली. मटीचा फसलेला प्रयोग दीड शतकाहून अधिक काळाने मराठवाड्यात सफल झाला असे म्हणता येईल. परंतु हा तुतीचा पतंग हजारो वर्षांच्या पाळीवपणामुळे उडणे विसरला आहे. तो तट्ट्यावर जन्मतो, वजनकाट्यावर मोजला जातो, आणि त्याच्या प्रत्येक किलोची नोंद होते. बालाघाटाच्या बोरीवरील रानटी पतंगाच्या वाट्यास अशी वही नाही. येरमाळ्याच्या दक्षिणेस येडशी रामलिंग घाटाचे अभयारण्य १९९७ मध्ये घोषित झाले. पानझडी रानाचा तेवढा तुकडा तरी आज कायद्याच्या आश्रयास आहे.

अशा स्थितीत अभ्यासकाचे काम दोन ठिकाणी आहे. पहिले दप्तरात. निजामशाहीची फार्सी-उर्दू महसुली कागदपत्रे, वतनदार घराण्यांची मोडी दप्तरे आणि शिलेदारांच्या हत्यारांच्या याद्या या दृष्टीने वाचावयाच्या आहेत. दस्तुरखुद्द जुन्या तोड्याच्या बंदुकाही साधन होत. संग्रहालयात वा जुन्या वाड्यात अशी बंदूक दिसली तर नळीभोवतीची वादी चामड्याची आहे, तारेची आहे की कोषाची, हे भिंगाने पाहिले पाहिजे. नेवाशाच्या चिमूटभर धाग्याने दख्खनच्या रेशमाचा पुरावा साडेतीन हजार वर्षे मागे नेला; एका वादीने एखाद्या तालुक्याचे मौन मोडू शकेल. दुसरे काम रानात आहे. त्यास फार साधनसामग्री लागत नाही. चैत्रात, पाने झडल्यावर आणि पहिला पाऊस पडण्यापूर्वी, बोरीच्या व धावड्याच्या फांद्या पाहत हिंडावे, कोष वा त्याचे फांदीस राहिलेले कडे दिसल्यास झाड, जागा व तिथी लिहून ठेवावी, आणि गावातील वृद्ध गुराख्यांस त्या वस्तूचे नाव विचारावे. साइक्सने सीमेच्या पलीकडे एवढेच केले होते. अलीकडे ते करणारा कोणी आला नाही.

येडेश्वरीच्या यात्रेत त्या दिवसांत हजारो माणसे वाकून चुनखडी वेचीत असतात. त्यांच्यापैकी एखाद्या विद्यार्थ्याने क्षणभर मान वर केली, तर दख्खनच्या इतिहासाचे एक न लिहिलेले पान त्यास फांदीला टांगलेले आढळणे असंभवनीय नाही.